रिटेन्शन बोनस देऊनही सेल्सची माणसं का जातात, आणि ती थांबावीत म्हणून नेमकं काय करायचं

रिटेन्शन बोनसचं, म्हणजे 'अमुक तारखेपर्यंत थांबलात तर एवढे पैसे' असं लेटर हातात दिलं की कंपनीला वाटतं माणूस बांधला गेला. पण सेल्सवाला ते लेटर वाचताना आधी काय बघतो, तर तारीख. रक्कम नंतर. त्या तारखेपर्यंत तो थांबतोच, इमानेइतबारे थांबतो, आणि पैसे खात्यात जमा झाले की पुढच्या आठवड्यात पेपर टाकतो, मग एचआरवाले म्हणतात एवढे पैसे मोजून पण लोकांना काही किंमत नाही. किंमत आहे की! तुम्ही त्याचे बारा महिने विकत घेतले, त्याने ते विकले, व्यवहार पूर्ण झाला. आणि व्यवहार कसा वाचायचा हे सेल्सवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, दिवसभर तो तेच करत असतो.

म्हणून सेल्स हेड असाल, एचआरमध्ये असाल किंवा स्वतःची कंपनी असेल आणि यंदा परत बोनसची फाइल सहीला आली असेल तर सही करायच्या आधी खालच्या गोष्टी करून बघा. बोनस देऊच नका असं मी म्हणत नाहीये. कधी द्यायचा आणि कसा द्यायचा ते पण लिहिलंय, पण ते शेवटी, कारण आधी बाकीचं नीट नसेल तर बोनस म्हणजे निव्वळ मलमपट्टी.

आधी त्याचं गणित तुम्ही मांडून बघा

एक कागद घ्या आणि तुमच्या चांगल्यातल्या चांगल्या माणसाच्या खुर्चीत बसा. समजा त्याचा वर्षाचा फिक्स १०० आहे आणि टार्गेट पूर्ण झालं तर व्हेरिएबल, म्हणजे विक्रीवर मिळणारं कमिशन, अजून १००, म्हणजे एकूण २००. तुम्ही त्याला वर्षभर थांबायचे ३० देताय. ऐकायला झकास वाटतं, साडेतीन महिन्यांच्या फिक्सपेक्षा जास्तच. आता त्याच वर्षी तुम्ही त्याची टेरिटरी, म्हणजे त्याच्याकडे असलेला विक्रीचा भाग, अर्धी केली, दोन मोठी अकाउंट्स, म्हणजे ग्राहक कंपन्या, काढून दुसऱ्या टीमला दिली आणि वर टार्गेट १५ टक्क्यांनी वाढवलं. तो घरी बसून हिशोब करतो, की बाबा आता कितीही पळालो तरी व्हेरिएबल १०० ऐवजी ५५ च्या पुढे जात नाही. म्हणजे एका हाताने ३० दिले, दुसऱ्या हाताने ४५ काढून घेतले. त्यात ते ३० एकदाच मिळणार, ४५ मात्र दरवर्षी जाणार. शिवाय ३० मधून कर कापला जाणार, आणि पैसे आधी देऊन नंतर वसुलीचं कलम असेल, म्हणजे मुदतीआधी गेलात तर पैसे परत करा असं, तर काही लेटरमध्ये वसुली पूर्ण रकमेची लिहिलेली असते, हातात पडलेल्या रकमेची नाही. हे कलम सेल्सवाले बरोबर शोधून काढतात आणि तिथेच त्यांचं मन विटतं.

दुसरी गोष्ट, समोरची कंपनी इंटरव्ह्यूमध्ये सरळ विचारते, "तुझे तिकडे किती अडकलेत?" हा सांगतो ३०. ते म्हणतात ठीक, जॉइनिंग बोनसमध्ये देऊन टाकू. झालं. तुमच्या बोनसने माणूस अडला नाही, फक्त समोरच्यासाठी तो ३० ने महाग झाला, आणि जो माणूस स्वतःसोबत ग्राहकांची ओळख घेऊन येतोय त्याच्यासाठी ३० म्हणजे समोरच्याला काहीच नाही.

तिसरी गोष्ट जरा मानसशास्त्राची आहे पण कामाची आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोघांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की माणसाला तेवढंच मिळवल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख जास्त लागतं. बोनस जाहीर झाला की लोकांच्या डोक्यात तो आपलाच झालेला असतो, घरी सांगून झालेलं असतं, कधीकधी खर्च पण ठरलेला असतो. त्यामुळे मिळाला तेव्हा विशेष काही वाटत नाही, आणि पुढच्या वर्षी दिला नाही तर पगार कापल्यासारखं वाटतं. म्हणजे एकदा सुरू केला की दरवर्षी द्या, नाहीतर तुम्हीच त्यांना जायचं कारण दिलंत.

कोण गेलं त्यापेक्षा कधी गेलं ते बघा

आता तपासाचं काम. एक्झिट इंटरव्ह्यूचे फॉर्म बाजूला ठेवा, त्यात सगळ्यांनी 'बेटर ऑपॉर्च्युनिटी' किंवा 'पर्सनल रीझन' लिहिलेलं असतं. का लिहिणार नाहीत? रिलीव्हिंग लेटर अजून मिळायचंय, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब, अडकलंय, शेवटच्या तिमाहीचं कमिशन कंपनीच्या हातात आहे, उद्या रेफरन्सला त्याच मॅनेजरचा नंबर द्यायचाय. अशा वेळी खरं बोलेल तो सेल्समध्ये टिकलाच नसता.

त्याऐवजी गेल्या दोन वर्षांत सेल्समधून गेलेल्या सगळ्यांची एक एक्सेल शीट बनवा. राजीनाम्याची तारीख एका कॉलममध्ये, आणि शेजारी त्याच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत त्या माणसाच्या बाबतीत काय काय घडलं ते. टार्गेट लेटर कधी मिळालं, टेरिटरी बदलली का, मॅनेजर बदलला का, एखादं मोठं डील हातातून काढून दुसऱ्याला दिलं का, कमिशनवरून ईमेलवर वाद झाला होता का, वार्षिक पेमेंट कधी झालं. थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल यांनी १९९४ मध्ये नोकरी सोडण्यावर जो सिद्धांत मांडला त्यात मुख्य मुद्दा हाच होता, की बऱ्याचदा माणूस हळूहळू नाराज होऊन जातो असं नसतं, मधे काहीतरी एक झटका बसतो आणि तिथून तो जायचा विचार करायला लागतो. तुमच्या शीटमध्ये तो झटका शोधायचाय. मला वाटतं दहा-बारा नावं भरेपर्यंतच पॅटर्न दिसायला लागेल. पाच जण एकाच मॅनेजरच्या हाताखालचे निघतील, किंवा टार्गेट लेटर आल्यावर सहा आठवड्यांत चार जण गेलेले दिसतील.

अजून एक कॉलम ठेवा, गेलेला माणूस टार्गेटच्या किती टक्क्यांवर होता. टार्गेटच्या निम्म्यावर असलेला गेला आणि १२० वर असलेला गेला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकूण अॅट्रिशनचा, म्हणजे किती माणसं सोडून गेली त्याचा, एकच आकडा काढला तर त्या एकमेकांत मिसळून जातात. निम्म्यावरचा माणूस बोनसमुळे थांबतो, हे लक्षात घ्या, त्याला बाहेर लगेच मिळत नाही. १२० वाला थांबत नाही. म्हणजे बोनसची योजना सरसकट लावली की ज्याने जायला हवं तो राहतो आणि ज्याने राहायला हवं तो जातो. वर रिपोर्टमध्ये अॅट्रिशन कमी झालं म्हणून टाळ्या.

ज्यांचं फुल अँड फायनल होऊन गेलंय अशा जुन्या लोकांशी बोला, पण जाऊन तीन-चार महिने झाल्यावर, आणि त्यांच्या जुन्या मॅनेजरने किंवा त्याच्याही वरच्याने नाही तर तिसऱ्याच कोणीतरी. "का सोडलं" असं विचारू नका, त्याला पाठ केलेलं उत्तर येतं. "पहिल्यांदा बाहेर बायोडेटा कधी पाठवलात, त्या आठवड्यात काय झालं होतं" असं विचारा. उत्तर एकदम वेगळं येतं.

कमिशनचं स्टेटमेंट एकदा स्वतः वाचा

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते निम्मी माणसं इथे हरवतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

जवळपास प्रत्येक सेल्सवाल्याकडे स्वतःची एक एक्सेल असते. कंपनीच्या सिस्टिमवर त्याचा विश्वास नसतो म्हणून तो प्रत्येक डील स्वतः लिहून ठेवतो, बिलाची तारीख, रक्कम, किती टक्के, किती मिळायला हवं. महिन्याच्या शेवटी कंपनीचं स्टेटमेंट आलं की दोन्ही शेजारी उघडून रेघ न रेघ जुळवतो. हा वेळ त्याने ग्राहकाकडे घालवायला हवा होता, पण घालवत नाही, कारण मागच्या वेळी चूक निघाली होती.

आता ते स्टेटमेंट त्याच्या डोळ्यांनी बघा. पहिली ओळ, डील बंद झालं तिमाहीच्या शेवटच्या दिवशी पण बिल निघालं दोन दिवसांनी, म्हणून पुढच्या तिमाहीत, म्हणून या तिमाहीत तो ९७ टक्क्यांवर अडकला आणि १०० टक्क्यांनंतर मिळणारा वाढीव दर गेला. बिल उशिरा का निघालं, तर अकाउंट्सवाला रजेवर होता. दुसरी ओळ, जे अकाउंट त्याने आठ महिने फॉलोअप करून आणलं त्याचं क्रेडिट ५०-५०, कारण शेवटच्या मीटिंगला दुसऱ्या टीमचा कोणीतरी येऊन बसला होता. तिसरी ओळ, ग्राहकाने माल परत केला म्हणून आधी दिलेलं कमिशन वजा, माल परत का आला तर डिस्पॅचने चुकीचा पाठवला होता. आणि चौथी ओळ नुसतीच 'इतर अॅडजस्टमेंट', उणे चिन्ह, आकडा, पुढे काही नाही. हा फायनान्सला मेल करतो, ते म्हणतात सेल्स ऑपरेशन्सला विचारा, सेल्स ऑपरेशन्स म्हणतं तुमच्या मॅनेजरचं अप्रूव्हल आहे त्याला, मॅनेजर म्हणतो बघतो मी. तीन आठवडे कोणी बघत नाही. रक्कम बऱ्याचदा किरकोळ असते, खरं सांगायचं तर, पण प्रश्न रकमेचा राहतच नाही. कष्ट मी केले आणि माझ्या तोंडाला पानं पुसली ही भावना ३० च्या बोनसने जात नाही.

तर करायचं काय. प्लॅन एका पानावर बसला पाहिजे, आणि वर्ष सुरू व्हायच्या आधी हातात पडला पाहिजे. दोन महिने उलटल्यावर 'मागील तारखेपासून लागू' वगैरे अजिबात नाही. एक साधी परीक्षा करा, टीममधल्या नव्या माणसाला एक काल्पनिक डील द्या आणि कमिशन काढायला सांगा, त्याला कॅल्क्युलेटर आणि दहा मिनिटांत जमलं नाही तर प्लॅन फार किचकट आहे, परत लिहा. स्टेटमेंटमध्ये प्रत्येक ओळीवर डीलचं नाव, दर आणि वजावट असेल तर कारण असलंच पाहिजे, कारण नसलेली ओळ सिस्टिममध्ये चढूच द्यायची नाही. तक्रारीला एकच माणूस जबाबदार आणि एकच मुदत, समजा सात कामाचे दिवस, आणि त्या मुदतीत उत्तर गेलं नाही तर निकाल सेल्सवाल्याच्या बाजूने. हे शेवटचं वाचून फायनान्सवाले उड्या मारतील. मारू द्या. एकदा नियम लागू झाला की उत्तरं चौथ्या दिवशीच यायला लागतात.

आणि ज्या चुका सेल्सवाल्याच्या हातात नव्हत्या, म्हणजे उशिरा बिल, चुकीचा डिस्पॅच, त्याची वसुली त्याच्याकडून करायची नाही. एवढं एक केलं तरी बराच फरक पडतो.

टार्गेट वाढवताना कोणाला शिक्षा होतेय

ज्याने गेल्या वर्षी १३० टक्के केलं त्याचं टार्गेट यंदा सगळ्यात जास्त वाढतं, ज्याने ८० केलं त्याचं होतं तेवढंच राहतं. अर्थशास्त्रात याला रॅचेट इफेक्ट म्हणतात, चक्र पुढेच जातं मागे येत नाही. सेल्सच्या लोकांना हे नाव माहीत नसतं पण प्रकार चांगला माहीत असतो, म्हणून १०० टक्के झाले की हुशार माणूस वर्षाच्या शेवटी येणारं डील पुढच्या वर्षात ढकलतो. जो ढकलत नाही, प्रामाणिकपणे सगळं बंद करतो, तो पुढच्या वर्षी मरतो, आणि मग तोच राजीनामा देतो.

कमिशनवर वरची मर्यादा घातली तर अजून वाईट. रॉस पेरो यांचं उदाहरण सेल्सच्या जगात प्रसिद्ध आहे. ते आयबीएममध्ये सेल्समन होते, १९६२ साली त्यांनी वर्षभराचं टार्गेट जानेवारीतच पूर्ण केलं आणि मर्यादेमुळे उरलेलं वर्ष विकून काही फायदा राहिला नाही. त्याच वर्षी ते बाहेर पडले आणि इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स नावाची कंपनी काढली, जी १९८४ मध्ये जनरल मोटर्सने अडीच अब्ज डॉलरला घेतली. सगळेच पेरो होत नाहीत हे मान्य, पण जानेवारीत मोकळा झालेला सेल्समन उरलेले अकरा महिने गप्प बसून राहील ही अपेक्षा कोणी ठेवू नये.

तपासायचं कसं, तर टीममधल्या किती जणांनी टार्गेट गाठलं ते मोजा. सेल्सचे इन्सेंटिव्ह प्लॅन बनवणारे लोक साधारण १० मधल्या ६-७ जणांनी टार्गेट गाठावं असं धरून चालतात. तुमच्याकडे दोघंच गाठत असतील तर बाकीचे आठ नालायक नाहीयेत, टार्गेट चुकलंय, आणि त्या आठांना तुम्ही जे व्हेरिएबल ऑफर लेटरमध्ये दाखवलं होतं ते खोटं होतं असंच ते धरणार. दहाच्या दहा गाठत असतील तर उलटा प्रश्न आहे, पण त्याने माणसं जात नाहीत म्हणून तो इथे सोडून देतो.

टेरिटरी बदलायचीच असेल, कधीकधी बदलावीच लागते, तर चालू असलेल्या डील्सचं काय ते आधी लिहून द्या. पाइपलाइनमध्ये, म्हणजे बोलणी चालू असलेल्या डील्समध्ये, जे आधीपासून आहे आणि पुढच्या सहा महिन्यांत बंद होईल त्याचं कमिशन जुन्या माणसाला, पूर्ण किंवा वाटून, पण लेखी. "बघू नंतर, तुझं नुकसान होऊ देणार नाही" असं तोंडी आश्वासन ज्या दिवशी दिलं त्या दिवशी त्याने नोकरीच्या साइटवर प्रोफाइल अपडेट केलं असं समजा.

ग्राहकासमोर तोंडघशी पडणं

हे एचआरच्या कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही. सेल्सवाल्याची खरी पुंजी म्हणजे त्याचा शब्द. तो ग्राहकाला सांगतो पंधरा तारखेला मिळेल, माल येतो तीस तारखेला, सर्व्हिसवाला फोन उचलत नाही, अप्रूव्ह झालेला डिस्काउंट बिलात दिसत नाही. ग्राहक कंपनीला फोन करत नाही, याला करतो, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, आणि वाटेल ते बोलतो. कंपनीत कोणाचं काही जात नाही, याचं नाव जातं, आणि त्या इंडस्ट्रीत त्याला अजून वीस वर्षं काढायची असतात. असा माणूस कमी पैशात पण दुसरीकडे जातो, जिथे माल चांगला आहे तिथे.

याच्या पुढची पायरी म्हणजे चुकीचं विकायला लावणं. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण २०१६ मध्ये बाहेर आलं, टार्गेटच्या दबावाखाली ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर खाती उघडली गेली, सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढलं होतं आणि बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. एवढं मोठं सगळीकडे होत नाही, पण नको असलेली पॉलिसी गळ्यात मारणं, नको असलेला प्लॅन चिकटवणं, हे लहान प्रमाणात पुष्कळ ठिकाणी चालतं, आणि ज्यांना ते करवत नाही ते गुपचूप निघून जातात. म्हणजे उरतात कोण ते तुम्हीच बघा.

इथे उपाय सेल्स डिपार्टमेंटच्या बाहेर आहे म्हणून तो सहसा कोणी करत नाही. महिन्यातून एकदा सेल्स, डिस्पॅच, सर्व्हिस आणि अकाउंट्सला एका टेबलावर बसवा, आणि 'ग्राहकाला दिलेला आणि मोडलेला शब्द' एवढ्या एकाच विषयावर बोला, कोणी मोडला, का मोडला, परत होऊ नये म्हणून काय बदललं. मिनिट्स सेल्स टीमला दाखवा. सगळं सुटणार नाही, पण आपल्या बाजूने कोणीतरी भांडतंय एवढं दिसलं तरी माणूस सहा महिने जास्त थांबतो.

मॅनेजरबद्दल थोडक्यात, कारण यावर सगळेच बोलतात. सगळ्यात चांगला सेल्समन उचलून मॅनेजर केला की बऱ्याचदा एक चांगला सेल्समन जातो आणि एक वाईट मॅनेजर मिळतो. तो स्वतः डील्स बंद करायला धावतो आणि क्रेडिट पण घेतो. सकाळी कॉल, संध्याकाळी कॉल, मधे व्हॉट्सअॅपवर लोकेशन, शिवाय सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तीच माहिती तीनदा भरायची. तुमच्या शीटमध्ये एकाच मॅनेजरचं नाव परत परत येत असेल तर त्याच्या टीमला बोनस देणं म्हणजे रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला.

जायच्या आधी बोला

चांगल्या माणसांशी वर्षातून दोनदा वेगळं बसून बोलायचं, अप्रेझलच्या वेळी नाही, त्या वेळी प्रत्येक जण पगारावरच बोलणार. टार्गेट लेटर दिल्यावर साधारण दोन आठवड्यांनी बसा, तेव्हा त्याचा हिशोब करून झालेला असतो आणि राग ताजा असतो. गप्पा अशा होतात बघा.

"काय मग, प्लॅन बघितलात ना यंदाचा?"

"बघितला सर. चांगला आहे."

'चांगला आहे' ऐकून उठू नका. विचारा, "तुमच्या हिशोबाने यंदा हातात किती पडतात? गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी?" आता तो आकडा सांगेल, आणि आकडा सांगितला की मागचं सगळं बाहेर येतं, की सर ते उत्तरेकडचं अकाउंट काढलं ना, त्याच्यावरच माझं निम्मं होतं. मग पुढचा प्रश्न, "कुठली एक गोष्ट इथे तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाते?" आणि तिसरा, "शेवटचं कधी ग्राहकासमोर मान खाली घालावी लागली?" तीन प्रश्न पुरेत. वही घेऊन बसा आणि जे लिहून घ्याल त्यातलं किमान एक काम महिन्याच्या आत करून त्याला कळवा, नाहीतर पुढच्या वेळी परत 'चांगला आहे सर'. ज्याचं करता येणार नाही ते तोंडावर नाही म्हणून सांगा, सेल्सवाल्यांना नकार ऐकायची सवय असते, लटकून राहायचा मात्र मनस्वी कंटाळा येतो.

बोनस द्यायचाच असेल तर

काही वेळा द्यावा लागतोच आणि तेव्हा तो उपयोगी पण पडतो. कंपनी विकली जातेय, दोन टीम एकत्र होतायत, एखादं प्रॉडक्ट बंद होणार आहे आणि तोवर ग्राहक सांभाळायचेत, नवीन सिस्टिम येईपर्यंत सहा महिने गोंधळ असणार आहे. म्हणजे अडचण तात्पुरती आहे आणि ती कधी संपणार ते माहीत आहे, तिथे बोनस बरोबर बसतो. अडचण कायमची असेल तर तात्पुरत्या पैशाने काय होणार.

एकरकमी देऊ नका, तुकडे करा. ६ महिन्यांनी थोडा, १२ ला थोडा, १८ ला जास्त, म्हणजे कुठल्याही दिवशी पुढचा तुकडा समोर असतो. सगळ्या टीमची तारीख एकच ठेवू नका, नाहीतर एका आठवड्यात पाच राजीनामे टेबलावर. आणि वार्षिक कमिशनच्या पेमेंटला लागून तर अजिबात तारीख ठेवू नका, दोन्ही रकमा एकदम खात्यात आल्या की माणूस पूर्ण मोकळा.

नुसतं हजर राहण्याचे पैसे देण्यापेक्षा त्याच्या हातातल्या कामाला जोडा, जसं अमुक ग्राहकांचं रिन्यूअल, अडकलेली वसुली, नवीन माणसाला दोन अकाउंट्सची ओळख करून देणं. कंपनीनेच विनाकारण काढलं तर बोनस मिळणार हे लेटरमध्ये स्पष्ट लिहा, ते नसेल तर लोक गृहीत धरतात की तारखेच्या आदल्या महिन्यात आपल्याला नारळ देणार. वसुलीचं कलम ठेवायचंच तर वकिलाला दाखवून ठेवा, आणि महिन्यागणिक कमी होत जाणारं ठेवा, दहा महिने थांबलेल्याकडून पूर्ण रक्कम मागणं कोणालाच न्याय वाटत नाही.

फक्त जायची धमकी देणाऱ्याला बोनस दिला तर बाकीचे काय शिकतात ते सांगायला नको. गुप्त राहील या भ्रमात पण राहू नका, सेल्स टीममध्ये रक्कम संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होते.

पेपर टाकलाच तर

काउंटर ऑफरच्या, म्हणजे राजीनामा आल्यावर थांबवायला पगार वाढवून देण्याच्या, मागे फार लागू नका. जो आकडा काल देता येत नव्हता तो आज राजीनामा बघून अर्ध्या तासात कसा निघाला, हा प्रश्न त्याच्या मनात येतोच, आणि थांबला तरी ज्या कारणाने निघाला होता ते कारण तिथेच असतं. अपवाद एकच, कारण एकदम नेमकं असेल आणि तुम्हाला ते खरोखर बदलता येत असेल, जसं की मॅनेजर किंवा टेरिटरी. मग पैशाऐवजी ते बदला, आणि नोटीस पिरियड संपायच्या आत बदलून दाखवा.

जाणारच असेल तर लगेच ईमेल बंद करून, लॅपटॉप काढून घेऊन चोरासारखं वागवू नका, अगदी संवेदनशील माहितीचा प्रश्न असेल तर भाग वेगळा. अकाउंट्सची यादी करून प्रत्येक ग्राहकाकडे नव्या माणसाला सोबत घेऊन जायला सांगा, नुसती शीट पाठवून ओळख होत नाही. आणि त्याच्या पाइपलाइनमधली जी डील्स तो गेल्यावर बंद होणार आहेत त्यांचं काय मिळणार ते शेवटच्या दिवसाच्या आधी लिहून द्या. इथेच बऱ्याच कंपन्या पैसे वाचवायला जातात. गेलेल्याचं कमिशन दाबलं की तो जुन्या टीमच्या ग्रुपवर ते सांगतोच, आणि उरलेले त्या दिवसापासून स्वतःची डील्स बंद करून, पैसे हातात घेऊन, मगच पेपर टाकायला शिकतात. शेवटचं स्टेटमेंट बाकीच्यांसारखंच ओळीओळीने काढा, कारण नसलेली वजावट त्यातही नको, आणि पैसे ठरलेल्या तारखेला पाठवा, त्याला तुम्हाला आठवण करून द्यायला लावू नका.